घरात ऑक्टोपस पाळावा का? माझं मत: हो, पण आधी टाकी

खारट_पाणी (डॅलस):

आमच्या शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातली २०२४ ची बातमी अनेकांनी पाहिली असेल. एका दंतवैद्याने मुलाच्या हट्टापायी घरी ऑक्टोपस आणला, नर समजून त्याचं नाव टेरन्स ठेवलं, आणि टेरन्सने अंडी घातली. पन्नासच्या आसपास पिल्लं निघाली. एकत्र ठेवली तर ती एकमेकांना खातात, त्यामुळे प्रत्येकाला वेगळा डबा. बातमी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आली तेव्हा बहुतेकांचा सूर "काय हे मुक्या जिवाचे हाल" असा होता. मला तो पटला नाही, म्हणून हा धागा.

टेरन्स कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या दोन ठिपक्यांच्या जातीची. हौशी लोक तिला बायमॅक म्हणतात. डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना निळ्या कड्याचा एकेक खोटा डोळा असतो. घरात ठेवण्याजोगा ऑक्टोपस म्हणाल तर हाच. अंडी मोठी असतात आणि पिल्लं पहिल्या दिवसापासून तळावर फिरून शिकार करतात. बाकीच्या बऱ्याच जातींची पिल्लं आधी काही आठवडे पाण्यात तरंगत राहतात आणि टाकीत जगवणं महाकठीण. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या प्रयोगशाळेत बायमॅक वाढवतात, आणि २०१५ मध्ये ऑक्टोपसाचा पहिला संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तो हिचाच.

आता टाकी. एका प्राण्याला निदान २०० लिटर पाणी. तापमान १८ ते २० अंश. २२ च्या वर गेलं की भूक वाढते, वाढ भराभर होते आणि मुळात छोटं असलेलं आयुष्य आणखी तोकडं होतं. इथे एसी लावूनही उन्हाळ्यात घर २५ अंशांवर असतं, म्हणजे चिलर आलाच. आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. मग प्राणी न आणता टाकी दोन-तीन महिने नुसती चालवायची, म्हणजे खडकांवर जिवाणू धरतात. तेच अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. लोक घाई करतात ती नेमकी इथे. ऑक्टोपसाचं खाणं दांडगं आणि घाणही तेवढीच. कच्च्या टाकीत अमोनिया चढला की बघता बघता खेळ खलास. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) टाकीच्या मानाने दुप्पट क्षमतेचा घ्या. तांबं कुठेही नको. माशांच्या रोगावर तांब्याचं औषध घातलेली जुनी टाकी म्हणजे ऑक्टोपसाला विष. (त्याचं स्वतःचं रक्त मात्र तांब्यामुळेच निळं असतं.)

आणि झाकण! शरीरात कडक अशी एक चोच काय ती असते. जिथून चोच जाईल तिथून अख्खा प्राणी जातो. न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून २०१६ मध्ये इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीच्या वरच्या फटीतून निघाला, जमिनीवरून सरकत ड्रेनपाइपपर्यंत गेला आणि समुद्र गाठला. म्हणून खटके असलेलं झाकण, वायरींच्या भोकांना स्पंज, पंपाच्या तोंडाला जाळी.

एवढं सगळं केलं, तर क्रूरता नेमकी कुठे आहे ते सांगा.

अनघा_क (पुणे):

तुमचं झाकणच सांगतं की त्याला तिथे राहायचं नाहीये.

सविस्तर लिहिते. ऑक्टोपसाला सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश हातांत. त्याला दुखतं का, हा प्रश्न आता हौशी गप्पांचा राहिलेला नाही. युरोपीय संघाने २०१० मध्येच प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या कायद्यात माकूल-ऑक्टोपसाच्या गटाला संरक्षण दिलं. ब्रिटनच्या २०२२ च्या कायद्यात त्यांना संवेदनशील प्राणी मानलं आहे. अशा जिवाला चार फुटी काचेत बसवायचं आणि वर "चिलर लावलाय हो" म्हणायचं?

आणखी एक. तुमच्या लेखातली टेरन्स तुमच्याच विरुद्ध साक्ष देते. घरी ती एकटी होती, तरी अंडी फलित निघाली. मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. म्हणजे दंतवैद्याकडे येण्याआधीच ती नराला भेटलेली होती. ती बहुधा थेट समुद्रातून उचललेली होती. "ही जात टाकीत वाढवता येते" हे खरं असेल, पण विकायला येतात ते प्राणी टाकीत वाढलेले असतात हे त्यावरून कसं ठरतं?

शंकासुर:

दंतवैद्याला एवढं मोठं तोंड बघूनही नर की मादी कळलं नाही, म्हणजे दातांशिवाय काही बघत नसावा.

(नराचा तिसरा उजवा हात टोकाला वेगळा असतो, तिकडे बघायचं असतं. वाचून सांगतोय, शेकहँड केलेला नाही.)

जुना_टँकवाला (ठाणे):

मी गेली बरीच वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या ठेवतोय. धागाकर्त्यांनी टाकीबद्दल लिहिलंय ते जवळजवळ सगळं बरोबर आहे. पण ते डॅलसमध्ये आहेत. इथल्या वाचकांनी हे वाचून दुकान गाठू नये म्हणून चार शब्द.

मे महिन्यात ठाण्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या वर असतं. त्याला १८ वर आणून चोवीस तास ठेवायचं म्हणजे चिलर अखंड चालणार आणि त्याची गरम हवा त्याच खोलीत येणार. मग त्या खोलीला एसी. वीज गेली की पंप बंद, आणि प्राणवायूच्या बाबतीत ऑक्टोपस माशाइतका सोशिक नाही. इन्व्हर्टरवर एअर पंप चालतो, चिलर चालत नाही.

दुसरं, शाई. घाबरून त्याने शाई सोडली तर छोट्या टाकीत ती त्याच्याच कल्ल्यांवर बसते. लगेच निम्मं पाणी बदलावं लागतं आणि घाण शोषून घेणारा कार्बन घालावा लागतो. म्हणजे तयार केलेलं शंभर लिटर खारं पाणी घरात कायम हवं. वन-बीएचकेत हे कुठे ठेवणार, ते आधी घरच्यांना विचारा.

तिसरं, लाइव्ह रॉक, म्हणजे समुद्रातून आणलेला, जिवाणू धरलेला प्रवाळाचा दगड. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, २००१ पासून. "ओरिजिनल रीफचा दगड" म्हणून कोणी विकत असेल तर हात लावू नका. सिरॅमिकचे तुकडे किंवा कोरडा दगड चालतो, जिवाणू त्यावरही धरतात, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच.

दर्याकाठ (रत्नागिरी):

पुण्याच्या ताईंचं वाचून हसू आलं. आमच्या बंदरात ट्रॉलरच्या जाळ्यात ऑक्टोपस पाट्यांनी येतो. बर्फात टाकतात, लिलाव होतो, बराचसा बाहेर देशी जातो. तिथे त्याला कोणी चेतापेशी विचारत नाही. एका माणसाने एकाला जीव लावून टाकीत ठेवला, रोज ताजी कुर्ली खायला घातली, तर केवढा गहजब. मला तर वाटतं टाकीतलाच जास्त सुखी. समुद्रात त्याला वाम खाते.

चिलरची भानगड नको असेल तर आपलाच ऑक्टोपस पाळा की. ओहोटीला खडपात सापडतो. आपलं पाणी ऊबदार, त्याला सवय असते.

अनघा_क (पुणे):

दर्याकाठ, जाळ्यातलाही मला खटकतोच. पण "तिकडे वाईट होतं म्हणून इकडचं चांगलं" हे मला कळत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये खाण्यासाठी ऑक्टोपसाची शेती करायलाच बंदी घातली. म्हणजे खाणारे लोकही कुठेतरी थांबतात.

खारट_पाणी (डॅलस):

ती बंदी शेतीवर आहे, पाळण्यावर नाही. शेतीत हजारो एकलकोंडे प्राणी एका हौदात कोंबायचे. मी एकालाच ठेवायचं म्हणतोय, तेही सोबतीला मासा न ठेवता. हा एकटाच राहणारा प्राणी आहे, त्यामुळे "बिचारा एकटा" म्हणून रडण्यात अर्थ नाही.

टेरन्सबद्दलचा मुद्दा मात्र बिनतोड. त्यामुळे माझी अट वाढवतो: अंड्यातून कुठे आणि कधी निघाला हे विकणारा लिहून देत नसेल तर घ्यायचा नाही. यात हौशी लोकांचाही स्वार्थ आहे. पकडलेला प्राणी बहुतेक वेळा प्रौढ असतो. बायमॅक जगतेच एक-दीड वर्ष. आठ महिन्यांची आणली तर टाकीवर जेवढा वेळ घातला जवळपास तेवढाच तिच्यासोबत मिळणार.

झाकणाबद्दल: टाकी कंटाळवाणी असेल तर प्राणी जास्त धडपडतो. खेकडा बरणीत घालून झाकण लावून द्या, दगडांची जागा बदला, पाइपचे तुकडे टाका. काचेशी येऊन माणसाकडे बघत बसणारा ऑक्टोपस ज्याने पाहिलाय तो याला तुरुंग म्हणणार नाही.

जुना_टँकवाला (ठाणे):

दर्याकाठ दादा, खडपातला उचलायची कल्पना सोडून द्या. पहिलं कारण, तुम्हाला सापडला तो कोणत्या जातीचा, केवढा होणार, त्याचं किती आयुष्य उरलंय, काहीच कळत नाही. दुसरं, हिंद आणि प्रशांत महासागरात निळ्या कड्यांचा एक छोटासा ऑक्टोपस असतो. त्याच्या चाव्यात टेट्रोडोटॉक्सिन असतं आणि त्यावर उतारा नाही. श्वास बंद पडतो, माणसाला यंत्रावर ठेवून वाट बघावी लागते. पोरांना "दिसेल तो धरून बरणीत टाका" असं शिकवू नका, एवढंच म्हणतो.

दर्याकाठ (रत्नागिरी):

आम्ही लहानपणापासून हातानेच धरतो. कोणी मेलेलं ऐकलं नाही.

अनघा_क (पुणे):

खारट_पाणी, एकच प्रश्न. मादी निघाली तर? नर नसला तरी ती वय झालं की अंडी घालते, त्यांच्यावर बसते, खाणं सोडते आणि मरते. १९७७ मध्ये वोडिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञाने अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या, तर त्या अंडी सोडून पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे तिचं शरीरच तिला उपाशी मारतं. घरातल्या मुलाला रोज काचेतून ते दिसणार. त्याला काय सांगणार आहात?

खारट_पाणी (डॅलस):

जे आहे तेच सांगणार. हे समुद्रातही असंच होतं. पाणी थंड आणि स्वच्छ ठेवायचं, उजेड कमी करायचा, बिळात हात घालायचा नाही, रोज एक कोळंबी समोर ठेवायची. खाल्ली तर खाल्ली, नाहीतर संध्याकाळी काढून घ्यायची, पाणी खराब होतं.

अनघा_क (पुणे):

मग माझा विरोध कायम आहे असं लिहून ठेवा.

जुना_टँकवाला (ठाणे):

विरोध राहू द्या, पण ज्याला करायचंच आहे त्याने आधी तेवढीच टाकी दोन खेकडे आणि एका गोगलगायीवर वर्षभर चालवून दाखवावी. चिलरचं बिल भरून, गणपतीला गावी जाताना शेजाऱ्याला पाणी तपासायला शिकवून. त्यानंतरही हौस टिकली तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, स्किमर कोणता घ्यायचा ते सांगतो.