रुळांचा जॉइंट: सांधा म्हणायचं की जोड?

प्रश्न

रेल्वे ट्रॅकमधल्या रेल जॉइंटच्या डिझाइनवर डिप्लोमाच्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहितोय आणि पहिल्याच शब्दाला अडलोय. जॉइंटला 'सांधा' लिहिलं तर एका मुलाने विचारलं, म्हणजे गाडी जिथे रूळ बदलते ते का. त्याचा प्रश्न रास्त आहे, मराठीत 'गाडीने सांधा बदलला' म्हणजे ती पॉइंटवरून दुसऱ्या मार्गावर गेली, आणि सांधेवाला म्हणजे पॉइंट्समन. मग 'जोड' लिहू का? पण वेल्ड केलं तरी लोक जोडच म्हणतात. आणि फिशप्लेटला, म्हणजे दोन रुळांची टोकं बाजूने बोल्टने बांधणाऱ्या पोलादी पट्टीला काय म्हणायचं, दोन रुळांच्या टोकांमधल्या गॅपला काय म्हणायचं? इंग्रजी शब्द ठेवायला माझी हरकत नाही, पण शब्द वाचून त्या वस्तूचं काम थोडं तरी कळावं असं वाटतं.

प्रतिसाद

जॉइंट, फिशप्लेट, गॅप, वेल्ड सगळं तसंच ठेवा. ट्रॅकवर काम करणारे हेच शब्द बोलतात, उद्या ती मुलं कामावर गेली की हेच ऐकणार. नवीन शब्द घडवून त्यांना दोनदा शिकायला लावू नका.

प्रतिसाद

वरच्यांशी अर्धा सहमत. फिशप्लेट नक्की ठेवा, पण जॉइंटच्या बाबतीत मराठीकडे दोन वेगळे शब्द आयते आहेत आणि ते दोन वेगळ्या वस्तूंना इतके चपखल बसतात की न वापरणं मला तरी पटत नाही.

आधी बघा त्या जॉइंटकडून मागणी काय असते. दोन रुळांची टोकं एका रेषेत आणि एका पातळीत राहिली पाहिजेत, चाकाचा भार एका रुळावरून दुसऱ्यावर गेला पाहिजे, बाजूने ढकललं तरी वाकायला नको, आणि हे सगळं घट्ट धरून ठेवत असतानाच उन्हाने रूळ लांबला की त्याला सरकूही द्यायचं. पोलाद दर डिग्रीला दर मीटरमागे साधारण 0.0115 मिलिमीटर वाढतं. म्हणजे 13 मीटरचा रूळ घेतला आणि तापमानात 40 डिग्रीचा फरक पडला तर जवळपास 6 मिलिमीटर, आणि ही जागा प्रत्येक जॉइंटला ठेवावी लागते. धरायचंही आणि सोडायचंही, अशी ती मागणी आहे.

आता मराठीत सांधा कशाला म्हणतात? गुडघा, कोपर, बोटाची पेरं. दोन हाडं एकमेकांना धरून आहेत पण हलतात, हलायचं थांबलं तर सांधा आखडला म्हणतो. म्हणून फिशप्लेट आणि बोल्टने बांधलेला, सरकणारा जो जॉइंट आहे तो सांधा. आणि वेल्ड करून दोन रुळांचा एक केला, आता हालचाल नाही, तो जोड. मी असे दोन शब्द कायमचे वेगळे ठेवीन.

गॅपसाठी 'सांध' आहेच की! दोन फरशांमधली सांध, दाराची सांध, सांदीकोपरा म्हणतो तोही त्याच घरातला. सांधा आणि सांध इतके जवळ आहेत की मुलांना लगेच कळेल, सांध्यात सांध असते आणि ती मुद्दाम ठेवलेली असते. वाटलं तर सरळ 'फट' म्हणा, तेही छान, फक्त फट म्हटलं की काहीतरी बिघडलंय असा वास येतो आणि इथे तर फट नसली की बिघाड.

प्रतिसाद

पॉइंटवाला घोळ कसा सोडवायचा मग? 'सांधा बदलणे' इतकं रुळलेलं आहे की ते काढता येणार नाही, काढूही नये.

प्रतिसाद

काढायची गरजच नाही. तिथे 'बदलणे' हे क्रियापद सगळं काम करतं. गाडी सांधा *बदलते*, सांधेवाला सांधा *फिरवतो* किंवा *पाडतो*. आपल्या सांध्याची क्रियापदं निराळी आहेत, सांधा *बसवतात*, *आवळतात*, *सैल पडतो*, *खचतो*. सोबतचं क्रियापद बघून मराठी माणूस अर्थ बरोबर लावतो. नोट्समध्ये पहिल्यांदा 'रूळसांधा' लिहा आणि पॉइंटला 'पॉइंट'च म्हणा, पुढे नुसता सांधा लिहिला तरी चालेल.

प्रतिसाद

फिशप्लेटबद्दल एक सांगतो कारण कोणीतरी नक्की 'मत्स्यपट्टी' करणार. त्यातल्या फिशचा माशाशी काही संबंध नाही. शिडाच्या जहाजाची डोलकाठी कमजोर झाली की तिला बाहेरून जी वक्र लाकडी पट्टी बांधायचे तिला इंग्रज खलाशी 'फिश' म्हणत, तिथून तो शब्द रुळावर आला. विल्यम ब्रिजेस अॅडम्सने ही कल्पना 1842 च्या सुमारास मांडली आणि 1847 मध्ये रॉबर्ट रिचर्डसनबरोबर तिचं पेटंट घेतलं. त्याआधी रुळांची टोकं एका बैठकीत नुसती शेजारी शेजारी ठेवायचे, आणि प्रत्येक चाकाखाली एक टोक खाली आणि एक वर असा खेळ चालायचा.

मराठी हवंच असेल तर 'सांधपट्टी' म्हणा, पण मी फिशप्लेटच ठेवीन. शब्दापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती पट्टी रुळाला कुठे टेकते ते मुलांना चित्र काढून दाखवा. बऱ्याच जणांना वाटतं ती रुळाच्या मधल्या उभ्या भागाला चिकटून बसते. तसं नसतं. ती फक्त वर रुळाच्या डोक्याच्या खालच्या उतारावर आणि खाली तळव्याच्या वरच्या उतारावर टेकते, मध्ये मोकळी जागा असते. हे दोन्ही उतार तिरके असल्यामुळे बोल्ट आवळला की पट्टी पाचरीसारखी आत ओढली जाते आणि डोकं-तळवा दोन्हीमध्ये ठासून बसते. वापरून हे उतार झिजले की बोल्ट कितीही आवळा, पट्टी आत जाऊन मधल्या भागाला टेकते आणि पाचरीचं कामच संपतं. तिरक्या पृष्ठांना 'फिशिंग' म्हणतात, त्याला 'पाचरउतार' म्हटलं तर कसं? मला तो शब्द आवडलाय, कारण त्यात काम दिसतं.

मूळ प्रश्नकर्ता

पाचरउतार घेतला! आता पुढचं, 'सस्पेंडेड जॉइंट' आणि 'सपोर्टेड जॉइंट'. पहिल्याला एका जुन्या वहीत 'लटकता सांधा' लिहिलेलं सापडलं, मला ते खटकतंय, लटकत काहीच नाही तिथे.

प्रतिसाद

खटकायलाच हवं. सांधा दोन स्लीपरच्या (रुळाखालच्या आडव्या आधारांच्या) मधोमध येतो, त्याच्या बरोबर खाली आधार नसतो, एवढाच अर्थ आहे. त्याला मराठीत अधांतरी म्हणतात, अधांतरी सांधा. आणि स्लीपरवर येतो तो टेकलेला सांधा. टेकलेला ऐकायला भक्कम वाटतो म्हणून मुलं तोच चांगला असं धरून चालतात, पण प्रत्यक्षात त्याच्या खालच्या एकाच स्लीपरवर दोन्ही टोकांचे ठोके पडतात, तो सारखा आपटला जातो आणि खालची खडी लवकर बसते. अधांतरी सांध्यात दोन्ही बाजूचे स्लीपर नेहमीपेक्षा जवळ घेतात, भार दोघांत वाटला जातो आणि थोडी लवचीकता मिळते, म्हणून तो जास्त वापरला गेला.

त्याच ओघात 'स्क्वेअर' आणि 'स्टॅगर्ड'. चौकोनी सांधा लिहू नका प्लीज. दोन्ही रुळांचे सांधे समोरासमोर असतात ते समोरासमोरचे सांधे आणि एकाचा सांधा दुसऱ्या रुळाच्या मध्यावर येतो ते पुढेमागे सांधे. समोरासमोर असले तर दोन्ही चाकं एकदम खाली जातात, डबा वर-खाली उसळतो. पुढेमागे असले तर आधी डावं मग उजवं असं होऊन डबा कडेकडेने डुलतो, आणि त्या डुलण्याची लय डब्याच्या स्वतःच्या लयीशी जुळली तर ठराविक वेगाला हे डुलणं धोकादायक होऊ शकतं.

प्रतिसाद

इथे 'खचलेला सांधा' या शब्दावर थांबा जरा, कारण डिझाइनचं खरं दुखणं तिथे आहे आणि नोट्समध्ये ते दोन ओळीत उरकतात. दोन फिशप्लेट मिळूनही वाकण्याला विरोध करण्याची ताकद अखंड रुळाच्या मानाने बरीच कमी असते, कारण त्यांना डोकं आणि तळवा यांच्या मधल्या उंचीतच बसावं लागतं. म्हणजे सांधा हा मुळातच मऊ ठिकाण. मऊ म्हणून तो थोडा जास्त दबतो, दबतो म्हणून चाक आपटतं, आपटतं म्हणून खालची खडी बसते, खडी बसली की तो अजून दबतो. चाक त्या खड्ड्यातून जाताना दोन धक्के बसतात, एक लगेचचा अगदी क्षणभराचा, तो रुळाच्या टोकाला चेपतो, आणि दुसरा जरा उशिराचा आणि लांबलेला, जो चाक-धुऱ्याच्या स्प्रिंगखालच्या वजनामुळे येतो आणि स्लीपर-खडीपर्यंत पोचतो. इंजिनिअर यांना पी-वन आणि पी-टू म्हणतात, मराठीत 'पहिला धक्का, दुसरा धक्का' इतकं साधं पुरेल.

आणि बोल्टची भोकं! भोक रुळाच्या साधारण मध्यउंचीला पाडतात, तिथे वाकण्याचा ताण कमी असतो म्हणून, पण कातरण्याचा ताण तिथेच सगळ्यात जास्त. म्हणून भोकाच्या कडेपासून तिरकी, साधारण 45 डिग्रीत तडा जाते. तिला 'स्टार क्रॅक' म्हणतात, मराठीत भोकतडा म्हणा हवं तर. फिशप्लेटच्या आड असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पट्टी काढून किंवा अल्ट्रासॉनिकने तपासावी लागते. लंडनजवळ हिदर ग्रीनला 5 नोव्हेंबर 1967 ला गाडी घसरून 49 माणसं गेली, तिथे सांध्यापाशी पहिल्याच बोल्टच्या भोकातून तडा जाऊन रुळाचा तुकडा निघाला होता आणि सांध्याखालचा आधारही नीट नव्हता. मुलांना हे सांगा, मग 'सांधा खचलाय' हे वाक्य ते साधेपणाने घेणार नाहीत.

प्रतिसाद

'जोड'कडे या आता. थर्मिट वेल्डला जुने लोक 'डाख देणे' म्हणताना ऐकलंय, पण डाख म्हणजे सोल्डर, तिथे मूळ धातू वितळत नाही. थर्मिटमध्ये आयर्न ऑक्साइड आणि अॅल्युमिनियमची पूड पेटवून पातळ पोलाद तयार होतं, ते रुळाच्या टोकांमध्ये ओततात आणि टोकंही वितळून एक होतात. म्हणून डाख नको, जोड किंवा वेल्डच. हान्स गोल्डश्मिटने 1895 मध्ये पेटंट घेतलं आणि 1899 मध्ये एसेन शहरात ट्रामचे रूळ असे जोडले गेले.

पण सांध काढून टाकली म्हणजे लांबणं थांबलं असं नाही, ते फक्त आत दाबून ठेवलं जातं. मीटरला 60 किलोचा रूळ धरा, ज्या तापमानाला तो ताणमुक्त बसवला त्याच्यापेक्षा 30 डिग्री चढलं तर एकेका रुळात सुमारे 56 टन दाब साठतो. तो दाब स्लीपर, क्लिपा आणि खडी धरून ठेवतात, खडी कमी पडली तर ट्रॅक बाजूला वाकतो. आणि लांब रुळाच्या दोन्ही शेवटांना हालचाल राहतेच, तिथे तिरकं कापलेलं, एकमेकांशेजारून सरकणारं जे साधन बसवतात ते 'एक्स्पान्शन जॉइंट', त्याला प्रसरण सांधा म्हणा. सांधा शब्दाचा नियम तिथेही टिकतो, कारण ते सरकतं.

मूळ प्रश्नकर्ता

एकच अडतंय. ग्लूड इन्सुलेटेड जॉइंट. ट्रॅक सर्किटसाठी (रुळातून वीज सोडून त्या भागात गाडी आहे का ते ओळखणाऱ्या व्यवस्थेसाठी) रुळाचे भाग विजेच्या दृष्टीने वेगळे ठेवायला लागतात, 1872 पासून विल्यम रॉबिन्सनच्या शोधानंतर. तो गोंदाने पक्का चिकटवलेला, अजिबात सरकत नाही. मग तुमच्या नियमाने तो जोड. पण वीज तर त्याच्यातून जाऊ द्यायची नाही, मग जोड कसा?

प्रतिसाद

चांगला प्रश्न. ताकदीच्या बाजूने तो जोडच आहे, इपॉक्सी आणि बोल्ट मिळून रुळाचा सगळा ताण पलीकडे पोचवतात, म्हणूनच तो लांब वेल्ड केलेल्या रुळातही बसवता येतो. मी त्याला विद्युतरोधक जोड म्हणेन, वीज अडवणं हे विशेषणात आलं आणि न सरकणं नामात. जुन्या प्रकारचा, जिथे नुसत्या नायलॉनच्या किंवा फायबरच्या पट्ट्या मध्ये घालून बोल्टने बांधतात आणि रूळ थोडा सरकू शकतो, तो विद्युतरोधक सांधा. दोघांची नावं अशी वेगळी ठेवली की कुठला लांब रुळात चालेल हे नावावरूनच कळतं.