लारावेलमध्ये आडनावानं सॉर्ट केलं की एक पाटील दोन पानांवर दिसतोय आणि एक गायबच, काय चुकतंय?

निपाणीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. निपाणीजवळच्या एका पतसंस्थेसाठी सभासद यादी बनवलीय, लारावेल (पीएचपीचं फ्रेमवर्क) आणि मायएसक्यूएल डेटाबेसवर. ४,१८० सभासद, एका पानावर २०. आडनावावर क्लिक केलं की ऑर्डरबाय आडनाव (म्हणजे आडनावानं क्रम लाव) आणि पुढं पेजिनेट २० (वीस-वीसची पानं पाड), एवढंच लिहिलंय. आता आपल्याकडं पाटील किती असतात ते काय सांगायचं, या यादीत ६१२ आहेत. वार्षिक सभेच्या आधी क्लार्कनं एकेक पान उघडून प्रिंट काढली, बोर्डावर लावली, आणि दुसऱ्या दिवशी एक आजोबा पासबुक घेऊन काउंटरवर हजर, माझं नाव का काढलं म्हणून. हात थरथरत होते त्यांचे, मला लई वाईट वाटलं. बघतोय तर टेबलमध्ये त्यांचा रेकॉर्ड आहे पण कुठल्याच पानावर नाही, आणि दुसरे एक पाटील मात्र दोन पानांवर. कॅश क्लिअर करून बघितला, फरक नाही. असं का व्हायलंय?

टिळकवाडी_ताई:
कॅशचा काही संबंध नाही रे. प्रत्येक पानाला डेटाबेसकडं वेगळी क्वेरी जाते, लिमिट २० आणि ऑफसेट अमुक, म्हणजे पहिले अमुक सोडून पुढचे वीस दे. तू फक्त आडनावानं लाव म्हणालास, पण ६१२ जणांचं आडनाव एकच, मग त्यांच्यात आधी कोण नंतर कोण हे कुणी सांगितलंय? मायएसक्यूएल ते आपल्या सोयीनं ठरवतं, आणि पुढच्या पानाच्या क्वेरीला तोच क्रम ठेवायला ते बांधील नाही, त्यांच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय. म्हणून आडनाव, मग नाव, आणि शेवटी आयडी असं तीनदा ऑर्डरबाय लाव. आयडी कुणाचाच सारखा नसतो, त्यामुळं क्रम पक्का होतो. आडनाव आणि नाव या दोघांवर मिळून एक इंडेक्स टाक (पटकन शोधायची सूची), इनोडीबी या मायएसक्यूएलच्या स्टोरेज इंजिनच्या इंडेक्समध्ये प्रायमरी की, म्हणजे तुझा आयडी, आपोआप असतेच, ती वेगळी घालायला नको.
आणि प्रिंटला पेजिनेट वापरूच नको. क्लार्क ४० व्या पानावर असताना कुणी नवीन सभासद घातला की पुढची सगळी नावं एकेक घर सरकणार. प्रिंटसाठी वेगळा राउट (वेगळा पत्ता) कर, एकाच क्वेरीत सगळी यादी आण, चार हजार ओळी म्हणजे काहीच नाही.

खानापूर_डेव्ह:
ताईंचं बरोबर आहे. अजून एक विचारतो, कॉलमचं नाव यूआरएलमधनं घेऊन तसंच ऑर्डरबायला देऊलास काय? ते आधी बंद कर भावा. व्हॅल्यू क्वेरीपासून वेगळी पाठवली जाते, त्या बाइंडिंगचं तिला संरक्षण असतं, कॉलमच्या नावाला नसतं, कुणीही त्यातनं आपली क्वेरी घुसवू शकतो; पीडीओ (पीएचपीचा डेटाबेसशी बोलणारा भाग) कॉलमच्या नावाचं बाइंडिंग करतच नाही. आडनाव, गाव, खातेक्रमांक असे चार-पाच कॉलम कोडमधल्या यादीत (ॲरेमध्ये) लिहून ठेव, त्यात नसेल तर सरळ आडनाव धर. दिशेचंही तसंच, चढता नाहीतर उतरता, तिसरं काही आलं तर चढता. आणि पानांच्या लिंकला विथक्वेरीस्ट्रिंग लाव, ते यूआरएलमधली निवड पुढं नेतं, नाहीतर दुसऱ्या पानावर गेलं की सॉर्ट आणि सर्च दोन्ही उडतात.

निपाणीचा_पोरगा:
ताई, दादा, लई उपकार. आयडी लावला आणि दोन्ही पाटील आपापल्या जागी आले, सगळी पानं क्लार्कला शेजारी बसवून रजिस्टरशी ताडून बघितली. यूआरएलचं पण खरं होतं, ते बदललं. पण ताडताना अजून एक दिसलं, ज्यांची नावं पहाणीवरनं (कर्नाटकातला सातबारा) कन्नडमध्ये टाइप केलीत ते सगळे यादीच्या पार शेवटी जाऊन बसलेत. कन्नडमधले पाटील पाटलांतच यायला पाहिजेत ना?

टिळकवाडी_ताई:
यायलाच पाहिजेत, ते काय परके आहेत होय. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो नंबर देतो त्यात, देवनागरीचा आणि कन्नडचा तक्ता जवळजवळ एकाच साच्यात बसवलाय, देवनागरी क २३२५ वर आणि कन्नड क ३२२१ वर, फरक ८९६. म्हणून क्रमासाठी वेगळा कॉलम ठेव, रेकॉर्ड सेव्ह होतानाच भर: ज्या अक्षराचा नंबर ३२०० ते ३३२७ मध्ये असेल त्यातनं ८९६ वजा करायचे. कन्नडमधला पाटील तंतोतंत आपला पाटील होतो, मी स्वतः करून बघितलंय. फक्त कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ वेगळे असतात, वेंकटेशमध्येच येतो बघ, ते आपल्या साध्या ए, ओ मध्ये बदलून घे. सॉर्ट या कॉलमवर, पण स्क्रीनवर नाव त्या माणसानं दिलं तसंच दाखव, कन्नड असेल तर कन्नड.
ळ चं तेवढं क्लार्कला विचार. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर, म्हणजे कॉम्प्युटर काळे आधी लावणार आणि रजिस्टरमध्ये कावळे आधी असणार.