मुंबईच्या सागवानी गोदीला जगवले कोणी: युद्धाने की शांततेने?

प्रश्न

जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या मुंबई गोदीत ब्रिटिश नौदलासाठी बांधलेल्या युद्धनौका कधी पाण्यात उतरल्या, त्या तारखा एकाखाली एक लिहिल्या की कोडे पडते. मिंडेन 1810, कॉर्नवॉलिस 1813, वेलस्ली 1815, इथवर नेपोलियनच्या लढायांशी मेळ बसतो. पण ट्रिंकोमाली 1817, गँजेस 1821, एशिया 1824? नेपोलियनची शेवटची लढाई, वॉटर्लू, तर 1815 मध्येच आटोपली. लढाई संपल्यावर एवढ्या युद्धनौका कशासाठी? आणि सागाची इतकी ख्याती आहे, तर ओकपेक्षा त्यात नेमका काय फरक, फळ्यांचा सांधा कसा असे, हेही कोणी उलगडून सांगावे.

प्रतिसाद 1

ट्रिंकोमालीचा उशीर कागदांमुळे झाला. तिचे आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश फ्रिगेटवरून (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकेवरून) मुंबईला येत होते. 29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने जावाला हरवले आणि आराखडेही गेले. नव्या प्रती येऊन काम सुरू व्हायला 1816 उजाडले. नौका पाण्यावर तरंगली 12 ऑक्टोबर 1817 ला. 1819 मध्ये ती इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला पोचली तेव्हा तिच्यासाठी लढाईच उरली नव्हती. डोलकाठ्या उतरवल्या, वर छप्पर घातले, आणि ती 1845 पर्यंत तशीच बांधून ठेवली. इतकी वर्षे पडून राहूनही लाकूड टिकले. आज ती इंग्लंडमधल्याच हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत आहे.

बाकीच्यांचे कारण सरळ आहे. दीर्घ युद्धात इंग्लंडमधला जहाजाजोगा ओक फार तुटला होता, म्हणून शांततेतही मुंबईला मागणी राहिली. एशिया 1827 मध्ये ग्रीसजवळच्या नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती कॉड्रिंग्टनची निशाणनौका (सेनापतीचे जहाज) होती. तेव्हा ही जहाजे नुसती शोभेची नव्हती.

प्रतिसाद 2

सागाबद्दल नीट लिहायला हवे, कारण ‘साग मजबूत असतो’ एवढ्यावर बोळवण होते. मजबुतीत चांगला ओक कमी नाही. फरक पडतो तो खिळ्यापाशी. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळा गंजतो, गंजाने भोवतालचे लाकूड काळे पडून मऊ होते, खिळा सैल होतो आणि तिथून पाणी शिरते. सागात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंड पुष्कळ जास्त टिकते. शिवाय ओल-उन्हाच्या फेऱ्यात साग कमी फुगतो, कमी आकसतो.

आता सांधा. युरोपात फळ्या कडेला कड लावून बसवत आणि मधल्या फटीत दोरखंडाचा चोथा ठोकून वर डांबर ओतत. पश्चिम किनाऱ्यावरच्या सुतारांची रीत निराळी होती. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ. एका कडेला रंग लावून फळ्या जुळवायच्या. दुसऱ्या कडेवर रंग उमटेल ते उंचवटे रंधून काढायचे, आणि पूर्ण लांबीवर सारखा रंग उमटेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग खाचेत राळेत भिजवलेला कापूस घालून फळ्या आवळून बसवायच्या. वेळ भरपूर खाते, पण जहाज लाटेत पिळवटले तरी फळ्या एकमेकींना धरून राहतात. चोथा मात्र अशा हालचालीने हळूहळू बाहेर येतो आणि पुन्हा भरावा लागतो.

हा सांधा फसतो तो घाईने. फळी पुरती वाळलेली नसेल, तर नंतर ती आकसते, जीभ खाचेत ढिली पडते आणि कापूस दाबात राहत नाही. मग बाहेरून कितीही राळ फासा, गळती थांबत नाही.

प्रतिसाद 3

वरच्याला दोन पुरवण्या.

तळाला तांब्याचा पत्रा आला की सागाचे तेल लोखंडाला वाचवत नाही. खाऱ्या पाण्यात तांबे आणि लोखंड शेजारी आले की लोखंड झिजते. म्हणूनच पत्रे मढवलेल्या जहाजाच्या पाण्याखालच्या भागात तांब्याचेच खिळे लागत. पत्रा मात्र हवाच, नाहीतर समुद्रातले किडे लाकडाला भोके पाडतात. पत्र्यांआधी चुना आणि तेलाचा लेप देत.

दुसरे म्हणजे वाकडे लाकूड. साग सरळसोट वाढतो. सरळ ओंडक्यातून जहाजाच्या सांगाड्याची वाकडी बरगडी कापली तर वळणावर तंतू आडवे तुटतात आणि नेमके तिथेच ती तडकते. निसर्गतः वाकलेली खोडे निवडून ठेवणे हे गोदीचे निम्मे कौशल्य म्हणायला हवे.

प्रतिसाद 4

मूळ प्रश्नाला माझे उत्तर ‘शांततेने’ असे आहे. लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये सुरतेहून सुतार घेऊन आले तेव्हा मुंबईकडे मोठ्या युद्धनौकांची मागणी नव्हती. 1750 मध्ये कोरडी गोदी झाली. मुंबईत उधाणाची भरती-ओहोटी मोठी, म्हणून भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरू द्यायचे, दार लावायचे आणि उघड्या तळाची दुरुस्ती करायची. ईस्ट इंडिया कंपनीची आणि व्यापाऱ्यांची जहाजे यासाठीच येत. रोज हाताला काम असल्याने कसबी सुतार टिकले, लाकडाचा साठा वाळत राहिला. असे नसते तर 74 तोफांची मिंडेन अचानक कोण बांधणार होते? तीसुद्धा उतारावरून घसरवलेली नाही. गोदीतच उभी केली आणि 1810 च्या जूनमध्ये भरतीच्या पाण्यावर बाहेर तरंगवली.

युद्धाचा भार पडला तो मलबारच्या जंगलांवर. कंपनीने 1806 मध्ये तिथे वनरक्षक नेमून सागावर मक्ता बसवला. लोकांचा रोष इतका वाढला की 1823 मध्ये तो उठवावा लागला. मलबारमधल्या निलंबूरला सागाची लागवड 1840 च्या दशकात सुरू झाली, म्हणजे मुंबईची सागवानी युद्धनौकांची परंपरा संपत आली तेव्हा. 1848 ची मियानी ही इथली शेवटची मोठी युद्धनौका. त्याआधीच, 1829 मध्ये, याच गोदीत 411 टनांची ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली होती. लाकूड आणि सुतार इथले, पण इंजिने इंग्लंडहून आणलेली.