महामार्गांवरील सरकारी गुंतवणूक वाढवा, ही उद्योगांची मागणी मान्य करावी का?

धागाकर्ता : रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजक

अर्थसंकल्पाआधी अर्थ मंत्रालय उद्योग संघटनांना चर्चेसाठी बोलावते, तेव्हा महामार्गांवरील भांडवली खर्च वाढवण्याची मागणी हमखास पुढे येते. ही मागणी कंत्राटदारांनी स्वतःच्या फायद्यासाठी पुढे रेटलेली आहे, अशी टीका अनेकदा वाचनात येते. मी कंत्राटदार नाही, परंतु माझा कारखाना महामार्गाच्या जिवावर चालतो, म्हणून ही बाजू मांडत आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयासाठीची तरतूद २०२३-२४ मध्ये सुमारे २.७० लाख कोटी, २०२४-२५ मध्ये २.७८ लाख कोटी आणि २०२५-२६ मध्ये २.८७ लाख कोटी रुपये होती. रक्कम मोठी असली तरी वाढ वर्षाला जेमतेम तीन टक्क्यांची आहे. त्यातच राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने बाजारातून नवे कर्ज उचलणे थांबवले असल्यामुळे, पूर्वी अर्थसंकल्प आणि कर्ज या दोन्हींतून होणारा खर्च आता जवळजवळ सर्वस्वी अर्थसंकल्पावर येऊन पडला आहे. २०२०-२१ मध्ये देशात १३,३२७ किलोमीटर राष्ट्रीय महामार्ग बांधले गेले होते, तर २०२४-२५ मध्ये हे काम साडेदहा हजार किलोमीटरच्या आसपास आले.

खासगी भांडवल ही उणीव भरून काढील, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा मुंबई-गोवा महामार्गाने प्रवास करावा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या, म्हणजे खासगी कंपनीने स्वतःचा पैसा घालून बांधायच्या, तत्त्वावर दिले गेले, ते रखडले, आणि अखेर सरकारलाच पैसा घालावा लागला. आमच्या कारखान्याचा कंटेनर न्हावा शेवा बंदरात कट-ऑफच्या, म्हणजे जहाजासाठी माल स्वीकारण्याच्या अंतिम, वेळेत पोहोचेल की नाही याची पावसाळ्यात शाश्वती नसल्यामुळे आम्ही तो एक दिवस आधीच रवाना करतो. त्या जादा दिवसाचे भाडे आणि अडकून पडलेले खेळते भांडवल यांचा भार मोठा कारखाना सोसू शकतो, माझ्यासारख्याला तो नफ्यातून द्यावा लागतो.

रस्ता हे राष्ट्रीय हिताचे काम आहे आणि त्याचा बोजा केवळ स्थानिक संस्थांवर टाकता येणार नाही, हा विचार नवा नाही. १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने, जिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, पेट्रोलवरील जादा कराचा पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवण्याची शिफारस केली आणि त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजही आपण पेट्रोल-डिझेलवर उपकर भरतोच, परंतु २०१८ मध्ये त्याचे रूपांतर 'रस्ते आणि पायाभूत सुविधा' उपकरात झाल्यापासून तो इतर सुविधांकडेही वळवता येतो. रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा आधी रस्त्याला द्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रतिसाद १ : अर्थशास्त्राची एक प्राध्यापिका (विरोधात)

आपली अडचण खरी आहे, याबद्दल मला शंका नाही. मात्र आपली अडचण आणि संघटनांची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीच्या आधारे दुसरी मान्य करून घेतली जात आहे.

भारतात मालवाहतूक आणि साठवणुकीचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १३ ते १४ टक्के आहे, प्रगत देशांत तो ८ टक्क्यांच्या आसपास आहे आणि ही दरी महामार्गांनी भरून निघेल, हे वाक्य अनेक वर्षे निवेदनांतून आणि भाषणांतून फिरत होते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेकडून करून घेतलेला अंदाज प्रसिद्ध झाला, तेव्हा २०२१-२२ साठी हा खर्च ७.८ ते ८.९ टक्क्यांच्या दरम्यान निघाला. ज्या दरीच्या आधारावर लाखो कोटींची मागणी होत होती, ती दरीच मोजणीत सापडली नाही. यानंतर मागणीचा आकडा कमी झाला नाही, फक्त त्यामागचे कारण बदलले.

दुसरा मुद्दा पैशाच्या उपयोगाचा. भारतमाला या केंद्राच्या महामार्गबांधणी योजनेचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०१७ मध्ये ३४,८०० किलोमीटरसाठी आणि ५.३५ लाख कोटी रुपयांसाठी मंजूर झाला. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार दर किलोमीटरचा मंजूर खर्च १५.३७ कोटी रुपये होता आणि प्रत्यक्षात मंजुऱ्या देताना तो ३२.१७ कोटींपर्यंत गेला. दिल्लीजवळच्या द्वारका द्रुतगती मार्गाच्या बाबतीत दर किलोमीटरला १८.२० कोटींचे २५०.७७ कोटी झाले. उन्नत मार्ग आणि मार्गिकांची संख्या यांमुळे ही वाढ झाली, असे स्पष्टीकरण देण्यात आले, आणि त्यात तथ्य असू शकते. तरीही तिजोरीतून दुप्पट पैसा जाऊन तेवढाच रस्ता मिळत असेल, तर पहिली मागणी अधिक निधीची न होता हिशेबाची असायला हवी होती. कोणत्याही उद्योग संघटनेने अर्थसंकल्पपूर्व बैठकीत ती जोरकसपणे लावून धरल्याचे माझ्या वाचनात नाही.

महामार्ग प्राधिकरणाचे कर्ज एके काळी साडेतीन लाख कोटी रुपयांच्या जवळ पोहोचले होते. आपण ज्याला खर्चाचा एक मार्ग बंद होणे म्हणता, त्याला मी वेळेवर लावलेला लगाम म्हणेन, कारण ते कर्ज शेवटी पथकरातून किंवा करातून फेडायचे असते आणि दोन्ही आपलेच खिसे आहेत.

प्रतिसाद २ : कोल्हापूर जिल्ह्यातील एक ऊस उत्पादक (विरोधात)

चर्चा लाखो कोटींची आहे, म्हणून ज्यांच्या जमिनीवरून हे लाखो कोटी जातात त्यांचीही नोंद व्हावी.

वर्धा जिल्ह्यातील पवनार ते गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवी हा ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग सुमारे ८६,३०० कोटी रुपयांचा सांगितला गेला आणि जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादनासह सुरुवातीच्या कामासाठी वीस हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर केली. याच दिशेने जाणारा नागपूर-रत्नागिरी राष्ट्रीय महामार्ग आधीपासून आहे. तो पूर्ण आणि नीट करण्याऐवजी बागायती जमिनीतून दुसरा रस्ता कशासाठी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आम्हाला मिळालेले नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. नदीच्या पात्रालगत आणखी एक उंच भराव पडला तर पाणी कोठे तुंबेल, हे आम्ही नकाशावर पाहत नाही, आम्ही ते आमच्या उंबऱ्यावर पाहिले आहे.

शेतमाल बाजारात नेण्यासाठी आम्हाला रस्ता नको आहे, असे कोणी समजू नये. शेतातून निघालेला ट्रॅक्टर गावच्या आणि जिल्ह्याच्या रस्त्यावर अडतो, सहापदरी महामार्गापर्यंत तो पोहोचतच नाही. देशातील रस्तेविकासासाठी आखलेल्या १९४३ च्या नागपूर योजनेने शेतीसंपन्न भागातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे उद्दिष्ट ठेवले होते. त्या योजनेत मोजमापाची सुरुवात गावापासून होती.

प्रतिसाद ३ : नवी मुंबईतील एक मालवाहतूकदार (बाजूने, एका अटीवर)

निधी वाढवावा, या मताचा मी आहे. चालकांना सुरक्षित थांबे, ट्रक टर्मिनल आणि विश्रांतीच्या जागा नाहीत, आणि या गोष्टी पैशाशिवाय होणार नाहीत. परंतु उद्योजकांनी एक गोष्ट स्वतःकडे घ्यावी. रस्त्याचे नुकसान वाहनाच्या आसावरील (अ‍ॅक्सलवरील) भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते, हे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीपासून अभियंते सांगत आले आहेत. भार दुप्पट केला तर झीज सोळापट होते. २०१८ मध्ये केंद्राने आसावरील भाराची कायदेशीर मर्यादाच सुमारे २० ते २५ टक्क्यांनी वाढवली, आणि तरीही त्यावर ओव्हरलोड भरण्याचा आग्रह माल पाठवणाऱ्यांकडून होतो. गाडीमालकाने नकार दिला तर भाडे दुसऱ्याकडे जाते. एका हाताने रस्ता मागायचा आणि दुसऱ्या हाताने तो मोडायचा, हे थांबवण्याचे वचन त्या निवेदनात असेल तर मी त्यावर सही करीन.

धागाकर्ता

प्राध्यापिकाबाईंचा १३-१४ टक्क्यांचा मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. आमच्याही संघटनेच्या जुन्या निवेदनांत तो आकडा आहे आणि तो पुन्हा वापरला जाणार नाही, हे मी पाहीन. परंतु देशाची सरासरी खाली आल्यामुळे कोकणातील खर्च खाली येत नाही. आठ टक्क्यांच्या सरासरीत सुरतेचा कारखानाही असतो आणि लोट्याचाही.

शक्तिपीठाबद्दल कोल्हापूरच्या बंधूंशी माझा वाद नाही. अर्धवट राहिलेले महामार्ग पूर्ण होण्याआधी समांतर नवा महामार्ग घेणे मलाही अनाठायी वाटते. ओव्हरलोडबद्दलचे म्हणणे आमच्या वसाहतीला लागू पडते, हे कबूल करतो.

मात्र लगामाच्या मुद्द्यावर मी मतभेद ठेवतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांपैकी ६१ हजारांहून अधिक राष्ट्रीय महामार्गांवर गेली, जे एकूण रस्त्यांच्या लांबीच्या सुमारे दोन टक्केच आहेत. दुभाजक, भुयारी मार्ग, सेवा रस्ते, वळणांची दुरुस्ती, यांपैकी काहीही फुकट होत नाही. खर्च रोखून ठेवल्याने पैसा वाचलेला दिसतो, पण त्याची किंमत दुसऱ्या वहीत लिहिली जाते.

प्रतिसाद ४ : सार्वजनिक बांधकाम क्षेत्रातून निवृत्त झालेला एक अभियंता (दोन्ही बाजूंना)

महाडजवळचा सावित्री नदीवरील १९२८ मध्ये बांधलेला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह अनेक प्रवासी त्यात गेले. त्याच जागी नवा पूल वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तो पूल ज्या मुंबई-गोवा महामार्गावर आहे, तो महामार्ग मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे अपुरा राहिला. नियम, ऋतू आणि डोंगर तेच असताना एक काम महिन्यांत झाले आणि दुसरे दशकात झाले नाही, याचे कारण निव्वळ निधी असूच शकत नाही. भूसंपादन, वनखात्याची परवानगी आणि कंत्राटदाराची आर्थिक कुवत न तपासता काढलेला कार्यादेश, यांमुळे पैसा हाताशी असूनही कामे अडतात.

त्याच वेळी, निधी नकोच असे म्हणणेही मला पटत नाही, कारण तो जुना पूल कोसळण्याआधी ज्या तपासणीची आणि दुरुस्तीची गरज होती, तिच्यासाठी मागणी करणारा कोणीच नसतो. नव्या कामाला भूमिपूजन असते, दुरुस्तीला नसते. उद्योग संघटनांनी मागणी करायचीच असेल, तर राष्ट्रीय महामार्गांच्या देखभालीसाठी वेगळी, दुसरीकडे वळवता न येणारी रक्कम मागावी. मोजमाप किती किलोमीटर बांधले यावर न करता, बांधलेला रस्ता पाचव्या पावसाळ्यानंतर कसा आहे, यावर करावे.

प्रतिसाद १ ची लेखिका

अभियंत्यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे आणि धागाकर्त्यांनी आकड्याबाबत दाखवलेल्या प्रामाणिकपणाचा मी आदर करते. पण अपघातांचा युक्तिवाद मला अजूनही अपुरा वाटतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, प्रवेशनियंत्रित आणि सुमारे ५५ हजार कोटी रुपयांचा आहे, आणि त्याच महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ रोजी खासगी बसला आग लागून २५ प्रवासी दगावले. नवा रस्ता आपोआप सुरक्षित होत नाही.

आणि बंदराचा प्रश्न आपण काढलाच आहे, तर उत्तर प्रदेशातील दादरीपासून न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंतच्या १,५०६ किलोमीटरच्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गाचा, म्हणजे केवळ मालगाड्यांसाठीच्या रेल्वेमार्गाचा, वैतरणा ते बंदर हा आपल्याच राज्यातील तुकडा सर्वांत मागे पडला होता. त्यासाठी उद्योग संघटनांनी महामार्गांइतका आवाज उठवला असता, तर न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे किती कंटेनर रुळांवर गेले असते?

धागाकर्ता

लोट्याचा माल वैतरण्याच्या मार्गाने जात नाही, आमच्याजवळ कोकण रेल्वे आहे आणि तिचा मार्ग बहुतांशी एकेरी आहे. तरीही प्रश्न योग्य आहे. पुढच्या निवेदनाचा मसुदा माझ्याकडे आहे. त्यात अपूर्ण महामार्गांची पूर्तता, देखभालीची राखीव तरतूद आणि ओव्हरलोड न भरण्याची सदस्यांची लेखी हमी, ही तीन कलमे मी या चर्चेनंतर घातली आहेत. कोकण रेल्वेच्या दुपदरीकरणाचे आणखी एक कलमही घालतो. एकूण निधी वाढवण्याचे पहिले कलम मात्र मी काढलेले नाही, आणि काढणार नाही.