सामायिक सॅस फाइल बदलली की सगळ्या स्टाइलशीट कंपाइल करण्याचे काम एडिटरचे की प्रकल्पाचे?

धागालेखक, अंधेरी

गिरगावातील एका सराफी दुकानाच्या संकेतस्थळाचे काम आमच्याकडे आहे. ग्राहकांची पाने, दुकानदाराचे प्रशासन-पटल आणि छापील पावती अशा तीन स्टाइलशीट, म्हणजे पानांचे रूप ठरवणाऱ्या फाइली, सॅस या भाषेत लिहिल्या आहेत; कंपाइल केल्यावर त्यांतून ब्राउझरला कळणारे सीएसएस तयार होते. तिन्ही रंग, अक्षरमाप आणि मिक्सिन (पुन्हा वापरायचे नियमसंच) एकाच फोल्डरमधल्या, अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या पार्शल, म्हणजे इतर फाइलींत वापरायच्या सामायिक फाइलींतून घेतात. दिवाळीपूर्वी रंगांची पार्शल बदलली गेली. ग्राहकांच्या पानांवर नवा रंग आला, पावती मात्र जुन्याच रंगात छापून येत राहिली. सहकाऱ्याच्या एडिटरमधले एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) फक्त सेव्ह केलेली फाइल कंपाइल करत असे आणि पार्शलपासून स्वतंत्र सीएसएस तयार होत नसल्याने ती सेव्ह केल्यावर त्याने काहीच केले नाही. ग्राहकांच्या पानांची मुख्य फाइल नंतर दुसऱ्या कामासाठी सेव्ह झाली, म्हणून तेवढी एकच नवी झाली.

माझे मत असे की, हे काम एडिटरवर सोपवूच नये. कोणती स्टाइलशीट कोणत्या पार्शलवर अवलंबून आहे, हे कंपायलरलाच नेमके कळते. डार्ट सॅस या सॅसच्या कंपायलरला वॉच हा फाइलींवर नजर ठेवण्याचा पर्याय देऊन स्रोताचे आणि सीएसएसचे फोल्डर मध्ये कोलन घालून सांगितले, की पार्शल बदलताच ती वापरणाऱ्या सगळ्या स्टाइलशीट, आणि फक्त त्याच, पुन्हा तयार होतात. ही आज्ञा पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाच्या फाइलीत लिहावी, म्हणजे एडिटर कोणताही असो, निकाल एकच येतो.

प्रतिसाद, मुलुंड

असहमत. आपण एका एक्स्टेन्शनचा दोष सगळ्यांच्या माथी मारत आहात. पार्शल सेव्ह होताच सर्व मुख्य फाइली कंपाइल करणारी एक्स्टेन्शन आहेत, आणि त्यांची सेटिंग प्रकल्पाबरोबर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) ठेवता येते. तीन स्टाइलशीटच्या प्रकल्पात तिन्ही पुन्हा तयार झाल्या तर बिघडते काय? उलट, आमच्या डिझायनर मंडळींना टर्मिनलची सवय नाही. वॉच सुरू करायचे राहिले की एकही स्टाइलशीट बदलणार नाही, आणि तेही कोणाच्या लक्षात येणार नाही.

धागालेखक

एकही बदलली नाही तर पहिल्याच रिफ्रेशला कळते. तीनांपैकी एकच बदलली तर ग्राहकाच्या हातात पावती जाईपर्यंत कळत नाही. शिवाय मोठा प्रश्न आवृत्तीचा आहे. एक्स्टेन्शन बहुधा स्वतःचा कंपायलर सोबत आणते. दुसरी फाइल वापरण्यासाठीचा यूज हा नियम डार्ट सॅसमध्ये 2019 साली आला. लिबसॅस या जुन्या कंपायलरमध्ये तो कधीच आला नाही आणि 2020 मध्ये लिबसॅस कालबाह्य ठरवले गेले. यूजच्या आधीच्या इम्पोर्ट या नियमाचीही 2024 पासून तीच गत आहे. अशा काळात कंपायलरची आवृत्ती प्रत्येकाच्या एडिटरवर सोडणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद, दादर

व्हीएस कोड या एडिटरच्या टास्क्स डॉट जेसन या कामांच्या फाइलीत हीच वॉचची आज्ञा लिहून फोल्डर उघडताच ती सुरू व्हावी, असे सांगता येते. कंपायलर प्रकल्पाचा राहतो आणि टर्मिनलमध्ये कोणाला काही टाइप करावे लागत नाही. दुसरे असे, की सामायिक पार्शलमध्ये प्रत्यक्ष सीएसएसचे नियम असतील, तर त्यांची प्रत तिन्ही स्टाइलशीटमध्ये जाते. तिथे फक्त व्हेरिएबल, फंक्शन आणि मिक्सिन ठेवावेत. रंगांसाठी तर सीएसएसचे कस्टम प्रॉपर्टी (सीएसएसमधलीच व्हेरिएबल) पुरेसे आहेत.

प्रतिसाद, मुलुंड

कस्टम प्रॉपर्टी मीडिया क्वेरीच्या, म्हणजे पडद्याच्या रुंदीसारख्या गोष्टींवरून नियम लावण्याच्या, अटीत चालत नाहीत, त्यामुळे ब्रेकपॉइंटसाठी (मांडणी जिथे बदलते त्या रुंदीसाठी) सॅसचे व्हेरिएबल लागणारच. टास्कची सूचना मात्र मला मान्य आहे, कारण तीत डिझायनरला नवे काही शिकावे लागत नाही. पहिल्यांदा परवानगी विचारली जाते, ती देण्यास सांगितले की झाले. आवृत्तीचा मुद्दाही पटला. तरीही एकट्याने सांभाळायच्या लहान कामासाठी मी एक्स्टेन्शनच वापरीन.

धागालेखक

एकट्याच्या कामाला माझा आक्षेप नाही. सराफी दुकानाच्या प्रकल्पात मात्र टास्क घालतो, आणि संकेतस्थळ चढवण्याआधी सर्व्हरवर तिन्ही स्टाइलशीट नव्याने कंपाइल करण्याची पायरीही जोडतो, म्हणजे कोणाच्या संगणकावर वॉच बंद राहिले तरी पावतीला नवाच रंग येईल.