गणपतीचं गाणं, छोटं लेबल, साठ हजारांचं बजेट: प्रमोशनचा क्रम काय लावावा?

पायरीकर

आमचं लेबल छोटं, माणसं तीन. यंदा गणपतीचं एक नवीन गाणं काढतोय. ढोल-ताशा आणि हलगीवरचं आहे, चार मिनिटांचं. मिक्सिंग जूनअखेर हातात येईल, व्हिडिओ साधाच असेल. प्रमोशनला ६० हजार आहेत, जीएसटी धरून.

सध्याचा बेत असा: चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे, तर १० तारखेला सगळीकडे रिलीज करायचं आणि पहिल्या दोन दिवसांत सगळा पैसा जाहिरातीत घालायचा. एक एजन्सी 'आठ हजारांत एक लाख व्ह्यूज' म्हणतेय. शिवाय मराठी गाण्यासाठी स्पॉटिफायच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, की यूट्यूब आणि रील्स पुरे? जाणकारांनी सांगावं.

---

तिहाई

१० सप्टेंबर म्हणजे वरातीमागून घोडं. मुंबईत मोठ्या मंडळांचे आगमन सोहळे चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधीच सुरू होतात, ५ सप्टेंबरला दहीहंडी आहे, आणि नाचाच्या ग्रुपना बसवायला वेळ लागतो तो वेगळाच. शुक्रवार ७ ऑगस्ट पकडा आणि तिथून मागे मोजत या.

१० जुलैपर्यंत गाणं डिस्ट्रिब्युटरकडे, म्हणजे ते सगळ्या ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीकडे, गेलं पाहिजे. चार आठवडे जास्त वाटतात, पण एकदा तरी काहीतरी परत येतंच. हमखास परत येतं ते कव्हर, म्हणजे गाण्याबरोबर दिसणारं चित्र. ३००० बाय ३००० पिक्सेलचा चौकोन हवा आणि त्यावर मोबाईल नंबर, इन्स्टाचं नाव, वेबसाइट, प्रायोजकाचा लोगो यातलं काहीही नको. आपल्याकडे कव्हर फ्लेक्स बॅनरसारखं भरायची सवय आहे, ती इथे महागात पडते. ऑडिओ वेव्ह फाइल द्या, २४ बिट. एमपीथ्रीवरून परत वेव्ह करून देऊ नका.

मेटाडेटात, म्हणजे गाण्याबरोबर भरायच्या माहितीत, तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघा:

मुख्य कलाकार म्हणून गायकाचं नाव टाका, लेबलचं नाही. लेबलला वेगळा रकाना असतो. लेबलच कलाकार म्हणून गेलं की गाणं गायकाच्या प्रोफाइलवर दिसत नाही आणि त्याच्या फॉलोअर्सनाही कळत नाही.

गायकाचं आधीचं प्रोफाइल असेल तर अपलोड करतानाच त्याची लिंक जोडा. एकाच नावाचे चार गायक आपल्याकडे सहज सापडतात, आणि लिंक नसली तर गाणं भलत्याच्याच पानावर जाऊन बसतं. ते सोडवण्यात रिलीजचा आठवडा जातो.

आयएसआरसी जपून ठेवा. हा रेकॉर्डिंगचा बारा अक्षरी क्रमांक, भारतात इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, डिस्ट्रिब्युटरही देऊ शकतो. व्हिडिओला वेगळा घ्यायचा असतो. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच जुना क्रमांक द्या, नाहीतर जमलेले आकडे मागे राहतात.

आता स्पॉटिफाय. मराठी ऐकणारे तिथे यूट्यूबपेक्षा कमी आहेत हे खरं, पण तिथलं मुख्य काम फुकटात होतं. 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मधून गाणं संपादकांना पाठवता येतं. किमान सात दिवस आधी पाठवलं की गायकाच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार'मध्ये ते जातं, आणि ती यादी शुक्रवारी बदलते, म्हणून शुक्रवार. संपादकांसाठी मात्र सात दिवस अपुरे, तीन आठवडे आधी पाठवा. एका वेळी एकच गाणं पाठवता येतं आणि रिलीज झालेलं पाठवताच येत नाही. वर्णनाला ५०० अक्षरं मिळतात. त्यात 'हृदयस्पर्शी गीत' वगैरे नको. वाद्यं कोणती, गाणं कोणत्या सणाचं, कोणत्या जिल्ह्यांत चालेल, प्रमोशन काय ठरलंय, एवढंच लिहा.

---

रीळवाला

तिहाईंशी एका बाबतीत मतभेद. सगळा जीव ७ ऑगस्टवर लावू नका. त्या दिवशी गाणं फक्त हजर असायला हवं. पैसा खर्च करायचा तो २० ऑगस्ट ते १२ सप्टेंबर या काळात, म्हणजे लोकांच्या डोक्यात गणपती शिरलेला असताना.

इन्स्टाग्रामबद्दल. अपलोड करताना गाण्याचा कुठला तुकडा आधी वाजावा हे बरेच डिस्ट्रिब्युटर विचारतात. तो रकाना रिकामा सोडलात तर गाण्याची नुसती सुरुवातच ऐकू येऊ शकते. हलगी ज्या क्षणी पडते, त्याच्या दोन सेकंद आधीची वेळ द्या. नाचणाऱ्याला पाऊल उचलायला तेवढी जागा लागते.

एका मोठ्या इन्फ्लुएन्सरपेक्षा दहा ते पन्नास हजार फॉलोअर्स असलेले आठ-दहा नाचणारे घ्या, तेही वेगवेगळ्या जिल्ह्यांतले. आणि इथे एक खड्डा आहे, त्यात जवळपास सगळी छोटी लेबलं पडतात. नाचणारा व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये जुळवतो, गाणं तिथेच चिकटवतो आणि तयार रील चढवतो. मग रीलखाली तुमच्या गाण्याऐवजी त्याच्याच नावाचं 'ओरिजिनल ऑडिओ' दिसतं. रील पाच लाख चालली तरी तुमच्या ऑडिओच्या पानावर आकडा शून्यच राहतो, आणि बघणाऱ्याला गाणं वापरायचं म्हटलं तर सापडत नाही. म्हणून ठरवतानाच लिहून घ्या: ॲपमध्ये फक्त जुळवाजुळव, पोस्ट करताना आवाज बंद करून इन्स्टाच्या लायब्ररीतलं अधिकृत गाणं लावायचं. निम्मे पैसे आधी द्या. उरलेले रीलखालच्या ऑडिओच्या नावावर बोट ठेवून, आपलंच पान उघडतंय ना हे पाहिल्यावर.

तुमचं स्वतःचं खातं 'बिझनेस' प्रकारचं असेल तर ते 'क्रिएटर'वर न्या. बिझनेस खात्याला पूर्ण लायब्ररी मिळत नाही, आणि आपलंच गाणं आपल्याला लावता येत नाही अशी गंमत होते.

---

हिशेबनीस

एक लाख व्ह्यूजच्या पॅकेजला हात लावू नका. तसले व्ह्यूज पाच-दहा सेकंदांत पळतात, यूट्यूबला वाटतं लोकांना व्हिडिओ आवडत नाही, आणि तो पुढे कोणाला सुचवणं थांबतं. नंतर आकडा उतरतो तो वेगळाच. स्पॉटिफायवर तर आणखी वाईट: २०२४ पासून खोटे स्ट्रीम पकडले गेले की दर गाण्यामागे लेबल किंवा डिस्ट्रिब्युटरला दंड लागतो, आणि डिस्ट्रिब्युटर तो तुमच्या खात्यातून कापतो किंवा गाणंच काढून टाकतो. 'प्लेलिस्टमध्ये इतके स्ट्रीम नक्की' असं जो सांगतो तो हेच विकतोय.

६० हजारांची विभागणी मी अशी करेन: नाचणाऱ्यांना २०, मेटाच्या (इन्स्टा-फेसबुकच्या) जाहिरातींना १५, यूट्यूबच्या जाहिरातींना १२, डीजे-बँडवाल्यांच्या सामानाला ३. राहिले १० हजार राखीव. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १५ हजारांत प्रत्यक्ष जाहिरात साधारण १२,७०० रुपयांचीच होते.

मेटावर 'बूस्ट'चं बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमधून करा. पंधरा-पंधरा सेकंदांच्या तीन क्लिप, प्रत्येकीला रोज ३०० रुपये, चार दिवस. हे ३,६०० झाले, जीएसटीसह ४,२४८. पाचव्या दिवशी कुठल्या क्लिपवरून सर्वांत स्वस्तात लोक गाण्यापर्यंत पोचले ते बघा आणि बाकीच्या दोन बंद करा, तुमच्या आवडीची असली तरी. महाराष्ट्राबरोबर गोवा, बेळगाव, सुरत, बडोदा, इंदूर हेही निवडा.

यूट्यूबवर स्किप करता येणारी जाहिरात ३० सेकंद किंवा पूर्ण पाहिली तर व्ह्यू धरला जातो. जाहिरातीचे व्ह्यूज यूट्यूबच्या म्युझिक चार्टमध्ये मोजत नाहीत, त्यामुळे 'ट्रेंडिंगला आणून देतो' या भूलथापेला जागाच नाही. जाहिरातीसाठी ध्रुवपदापासून सुरू होणारी वेगळी कापणी करा. शॉर्ट टाकताना 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून पूर्ण गाणं जोडायला विसरू नका.

---

पायरीकर

खूप उपयोगी, आभार. पॅकेज रद्द. डीजे-बँडवाल्यांचं सामान म्हणजे नेमकं काय? शिवाय डीजे लोक रिमिक्स करून आपापल्या चॅनलवर टाकतात, त्याला अडवावं का?

---

कडकलक्ष्मी

सामान म्हणजे एक फोल्डर. त्यात चार फाइल:

- मोठी आवृत्ती, सुरुवातीला आणि शेवटी सोळा-सोळा मात्रा नुसता ठेका. डीजेला आधीच्या गाण्यातून तुमच्यात यायचं असतं. गाणं थेट गायनाने सुरू होत असेल तर तो ते घेतच नाही.
- फक्त वाद्यं.
- फक्त आवाज.
- बँजो-ब्रासवाल्यांसाठी ध्रुवपदाची सुरावट सा-रे-ग-म मध्ये, एका पानावर. पट्टी लिहा.

वेव्ह आणि ३२० केबीपीएस एमपीथ्री, दोन्ही द्या. फाइलच्या नावात गाणं, लेबल आणि बीपीएम (मिनिटाला किती ठोके) हवा. फोल्डरची लिंक क्यूआर कोडवर छापून बँजो पार्ट्या, ब्रास बँड आणि साउंडवाल्यांकडे द्या, तेही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत. नंतर त्यांना फोन घ्यायलाही सवड नसते.

रिमिक्स अडवू नका. डिस्ट्रिब्युटरकडून कंटेंट आयडी (दुसऱ्यांच्या व्हिडिओतलं तुमचं गाणं ओळखणारी यूट्यूबची सोय) चालू करा आणि धोरण 'ब्लॉक' न ठेवता 'मॉनेटाइझ' ठेवा. व्हिडिओ त्याच्या चॅनलवर राहतो, जाहिरातीचा पैसा तुमच्याकडे येतो आणि डीजे नाराज होत नाही. ब्लॉक करणाऱ्या लेबलचं गाणं पुढच्या वर्षी त्याच्या यादीत नसतं.

पण आधी संगीतकाराला एक प्रश्न विचारा: गाण्यात विकतचे लूप (तयार वाजवलेले तुकडे) किंवा भाड्याने घेतलेला बीट आहे का? असेल तर कंटेंट आयडी लावता येत नाही, कारण तोच लूप आणखी शेकडो गाण्यांत असतो आणि तुमचा दावा भलत्यांच्या व्हिडिओंवर जातो. तक्रारी वाढल्या की ती सोयच काढून घेतात. ढोल-ताशा खरा वाजवून घेतला असेल तर चिंता नाही.

---

हिशेबनीस

कडकलक्ष्मींना अनुमोदन. एक भर: कॉलर ट्यूनचा पर्याय डिस्ट्रिब्युटरकडे वेगळा टिकमार्क असतो, तो राहून जातो. सणाच्या गाण्याला तिथून अजूनही मागणी असते.

आणि रिलीजच्या आधी गीतकार-संगीतकारांशी कागद करा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीचा हक्क 'एकरकमी दिले, विषय संपला' असं लिहून संपत नाही. दोघांना आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्य व्हायला सांगा आणि गाण्याची नोंद हिश्श्यांसकट करून टाका. वाद गाणं चालल्यावरच निघतात, आणि तेव्हा कोणी सही करत नाही.

---

तिहाई

एकच राहिलं. रिमिक्स आवृत्ती, अनप्लग्ड आवृत्ती, लहान मुलांची आवृत्ती असं सगळं यंदाच काढू नका. स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम न झालेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, आणि चार आवृत्त्यांत ऐकणारे विभागले गेले तर चारही त्या रेषेखाली राहू शकतात.

विसर्जनानंतर आकडे धाडकन पडतील. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला, त्यानंतर जाहिरात बंद. गाणं मात्र काढू नका आणि पुढच्या वर्षी 'नवीन' म्हणून परत अपलोडही करू नका. त्याच लिंकवर व्ह्यूज, त्याच ऑडिओवर रील्स साठत गेल्या पाहिजेत. २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबरला आहे, म्हणजे दहा दिवस आधी. नवे शॉर्ट्स जुलैअखेरीस सुरू करा, आणि डीजेंचा फोल्डर त्याच लिंकवर ठेवा. छापलेले क्यूआर पुढच्या वर्षीही चालतील.