मदत हवी आहे: घरी शिवलेला एकही कपडा लेक अंगात ठेवत नाही

नमस्कार मंडळी,

माझी लेक दोन वर्षं चार महिन्यांची आहे. तिच्यासाठी हौसेने काही शिवावं म्हणून सहा महिन्यांपूर्वी सासूबाईंची पायमशीन माळ्यावरून खाली काढली. तेलपाणी केलं, पट्टा बदलला, आणि तेव्हापासून ती झोपली की मी मशीनवर असते. रीतसर क्लास केलेला नाही, आईला शिवताना बघून जेवढं उचललं तेवढंच येतं. पण दिवसभरात त्या तासाची मी वाट बघते.

आतापर्यंत पाच कपडे झाले. एकही ती दहा मिनिटांच्या वर घालत नाही.

पहिला फ्रॉक होता पॉपलिनचा. माझ्याच कुर्त्याचा कागद (ज्यावर मापं आखून कापड कापतात तो) घेतला आणि सगळी मापं त्याच हिशोबात कमी केली. छातीत छान बसेल असं वाटत होतं, पण गळा डोक्यातून जाईना. कपाळापर्यंत आला, कानांवर घट्ट बसला आणि ती आत अडकून रडायला लागली. मी घाबरून ओढला तर गळ्याच्या कडेची पट्टी, पायपिंग, टचकन उसवली. तेव्हापासून कुठलाही कपडा डोक्यावरून घालायचा म्हटलं की ती दोन्ही हात डोक्यावर घट्ट दाबून भिंतीपाशी जाऊन उभी राहते. अगदी विकतचा, सवयीचा कपडा असला तरी. हे मला फार लागलंय.

मग बनियनच्या कापडाचा टीशर्ट केला. टिपेत मधले मधले टाके सुटतात, दोन बोटं लांबीचा दोरा नुसताच वर तरंगतो. जिथे टीप नीट आली तिथे घालताना ताण बसून दोरा तुटला. गळ्याची पट्टी अंगाला चिकटत नाही, कॉलरसारखी उभी राहते. पट्टी गळ्याच्या मापाचीच घेतली होती.

चड्डी उभं असताना बरी दिसते, उकिडवी बसली की मागून अर्धी खाली येते. आणि मलमलीच्या झबल्यात ती सारखी मान आणि काखा खाजवते.

तर गळा नेमका किती ठेवायचा? माझी मशीन फक्त सरळ टीप मारते, तिच्यावर होजिअरी, म्हणजे बनियनसारखं ताणाचं कापड, शिवता येते का? आणि आतल्या शिवणी टोचू नयेत म्हणून काय करता? फ्रॉक वाचवता आला तर फार बरं वाटेल, त्याच्या खिशावर तिच्यासाठी हाताने बदक भरलंय.

– रीळभर

शिवणघर:
ताई, मोठ्यांचा कागद लहान करून मुलांचा कपडा होत नाही, सगळी गडबड तिथेच झालीय. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव असतं, मोठ्या माणसाचं साधारण आठवा भाग. तुमच्या लेकीचं प्रमाण या दोन्हींच्या मधलं आहे. त्यामुळे छाती बसते तेव्हा गळा अडकतोच.

दोन मापं घ्या. टेप भुवयांच्या वरून आणि मागे डोक्याच्या सगळ्यात फुगीर भागावरून फिरवून डोक्याचा घेर. मग फ्रॉक टेबलावर पसरून गळ्याचा घेर, टेप आडवी न ठेवता कडेवर उभी धरून, म्हणजे वळणावर बरोबर बसते. दोन्ही आकडे इथे टाका.

रीळभर:
मोजलं. डोकं ४८.५ सेंमी, गळा ३९. आकडे समोर आल्यावर कळलं मी तिला काय घालायला लावत होते.

शिवणघर:
मग फ्रॉक नक्की वाचेल. न ताणणाऱ्या कापडात उघडलेला गळा डोक्यापेक्षा निदान २ सेंमी मोठा हवा, म्हणजे तुम्हाला ५०.५ च्या पुढे जायचंय. पण गळा सगळीकडून कापून मोठा करू नका, खांद्यावरून घसरेल. पाठीवर मधोमध चीर द्या. चिरेच्या दोन्ही कडा उघडतात, म्हणून ७ सेंमीची चीर घेराला १४ सेंमी देते. ३९ आणि १४ मिळून ५३ झाले, डोकं आरामात जाईल.

चीर आधी कापायची नाही. पाठीच्या मध्यभागी गळ्याची पायपिंग थोडी उसवून बाजूला करा. त्याच कापडाचा ६ बाय १० सेंमीचा तुकडा फ्रॉकच्या सुलट बाजूवर उलटा ठेवा, खडूने मधली रेघ काढा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी बारीक टाक्यांची टीप मारा, वर ५-५ मिलीमीटर अंतर आणि खाली निमुळती. टोकाला एक आडवा टाका घ्या, तिथे कापड फाटत नाही. मग कापा, टोकाच्या टाक्यापासून एक-दोन धागे अलीकडे थांबा. तुकडा आत उलटवून इस्त्री करा, कडेने एक टीप, आणि पायपिंग परत बसवा. टोकाला चुणी पडली तर समजा कात्री अजून एक धागा पुढे जायला हवी होती.

निळी_बॉबिन:
वर गळ्याशी दोन बंद लावून टाका की, काज करायची कटकट नाही. आमच्याकडे सगळ्या झबल्यांना बंदच असायचे.

शिवणघर:
ताई, माफ करा, पण इथे मी अडवणार. चालत्या-पळत्या मुलाच्या गळ्याशी लोंबती नाडी किंवा बंद अजिबात नको. घसरगुंडीच्या फटीत, दाराच्या मुठीत अडकला तर थेट गळा आवळतो. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांत टोपी आणि गळ्याच्या भागात नाड्या चालत नाहीत, ते याच कारणाने. गळ्याशी एक चपटं बटण आणि दोऱ्याचा लूप पुरे. बटण दुहेरी पॉलिएस्टर दोऱ्याने लावा, मागे कापडाचा छोटा गोल तुकडा घ्या म्हणजे बटण कापडासकट उपटून येत नाही. दर धुण्यानंतर ओढून बघा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात बटण जाणं ही नुसती कल्पना नाही, आणि हे तर मागच्या बाजूला, तिच्या नजरेआड आहे म्हणून जरा तरी बरं.

निळी_बॉबिन:
मान्य. पाळण्यातल्या बाळाचा विचार डोक्यात होता, आणि आता वाटतं तिथेही नकोच. धन्यवाद.

सुई_पंचाहत्तर:
मी होजिअरीपुरतं बोलतो. टाका सुटण्यात तुमचा हात वाईट नाही, सुई चुकीची आहे. सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खालचा दोरा धरणाऱ्या शटलचं टोक तो पकडतं. विणलेलं ताणाचं कापड सुईला चिकटून तिच्याबरोबरच वर येतं, फास तयारच होत नाही, टाका गेला. बॉलपॉइंट सुई घ्या, ७५/११ नंबरची. ७५ म्हणजे सुईची जाडी ०.७५ मिलीमीटर. तिचं टोक गोलसर असतं, ते धागा न फोडता दोन धाग्यांच्या मधून जातं. जुन्या मशीनची सुई कोणत्या प्रकारची आहे ते मात्र आधी बघा; काही जुन्या मशीनमध्ये आजची चपट्या बाजूची सुई बसत नाही. आताची सुई सोबत नेऊन जुळवून घ्या.

दोरा तुटतो कारण कापड ताणलं जातं आणि सरळ टीप ताणली जात नाही. वाकडीतिकडी, म्हणजे झिगझॅग टीप असती तर ती लांब झाली असती. तुमच्या मशीनवर उपाय असा: दोरा पॉलिएस्टर, कॉटन नाही. टाका लहान, २ मिलीमीटरच्या आसपास. आणि शिवताना सुईच्या पुढून-मागून कापड अगदी हलकं ताणून धरा. बाजूच्या शिवणी याने टिकतात. खांद्याची शिवण उलट ताणू द्यायची नसते, तिच्यात सुती कापडाच्या काठाची अरुंद पट्टी घालून शिवा.

गळ्याची पट्टी गळ्याएवढी घेतली तर ती उभीच राहणार. गळ्याच्या घेराच्या साधारण ८० ते ८५ टक्के घ्यायची. गळा ४४ असेल तर पट्टी ३६ च्या जवळपास. पट्टी आणि गळा दोन्हींचे चार-चार भाग करून टाचण्या लावा आणि लावताना फक्त पट्टी ताणा, गळा ताणू नका. पण इथेही सरळ टिपेची अडचण आहेच, डोकं जाताना ती तुटणार. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर डाव्या खांद्यावर उघडं ठेवून तीन टिचबटणं लावली असती. गळ्यावर ताणच येणार नाही. खालची दुमड हाताने हेरिंगबोन (तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या) टाक्याने घाला, तो ताणतो. दिसतोही सुंदर, पण त्याला वेळ लागतो.

रीळभर:
दादा, फासाचं वाचून मशीनची झाकणी उघडली आणि चाक हाताने हळूहळू फिरवत बघत बसले. खरंच छोटासा फास येतो आणि शटलचं टोक त्यातून निघून जातं! सहा महिने शिवतेय, पण आज पहिल्यांदा पाहिलं.

कात्रीकाकू:
अगं, खाजवण्याचं कुणी बोललंच नाही. मलमल शिवण्याआधी धुतली होतीस का?

रीळभर:
नाही काकू. नवं कापड होतं, स्वच्छच होतं म्हणून.

कात्रीकाकू:
नव्या कापडात खळ असते बाळा, तीच टोचते. शिवाय सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. पुढच्या वेळी २० सेंमीचा चौकोन कापून धू, वाळव, परत मोज. उभ्या धाग्यात १९ भरलं तर मीटरमागे ५ सेंमी गेले असं समज. मग सगळं कापड धुऊनच कात्री लाव.

दुसरं, झबलं उलटं करून काखेतल्या शिवणीवर बोट नको, तुझ्या ओठाच्या कडेची जागा फिरव. बोटांना घरकामाची सवय झालेली असते, त्यांना काही कळत नाही. तिथे सुटे धागे टोचतात की नाही ते लगेच समजेल. पातळ कापडाला फ्रेंच शिवण घाल. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून ६ मिलीमीटरवर पहिली टीप, कडा ३ मिलीमीटरपर्यंत कातरायची, उलटवून इस्त्री करून ७-८ मिलीमीटरवर दुसरी टीप. कच्ची कडा आतल्या आत बंद. यासाठी कापतानाच दीड सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, सोडायची. आत्ताच्या झबल्याला माया कमी असेल तर काखेच्या शिवणीवर मऊ तिरकी (धाग्याला तिरपी कापलेली) पट्टी चढव.

चड्डीचं सोपं आहे. मागचा भाग पुढच्यापेक्षा कमरेत ३-४ सेंमी उंच काप. लेकीला उकिडवी बसव आणि पुढच्या कमरेपासून दोन पायांतून मागच्या कमरेपर्यंत टेप सैलसर धर, तेच खरं माप. मुलं दिवसातला निम्मा वेळ खालीच बसलेली असतात, आपण मात्र त्यांना उभं करून मोजतो. घेर मोठा करायच्या मागे लागू नकोस, या वयात वर्षाला सात-आठ सेंमी उंची वाढते, कंबर फारशी वाढत नाही. पायाशी दुमड रुंद ठेव, नंतर उसवून लांबी काढता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती डोक्यावर हात दाबून भिंतीपाशी जाते ना, मग निदान महिनाभर डोक्यावरून घालायचं काहीही शिवू नकोस. पुढून पूर्ण उघडणारा सदरा शिव. तिला मांडीवर घे, सदरा समोर पसरून ठेव आणि हात तिचा तिला घालू दे. कापड निवडायला तिलाच सांग. फ्रॉक दुरुस्त कर, पण घालायची घाई करू नकोस, खुर्चीवर टाकून ठेव, बदक दिसेल असा.

रीळभर:
काकू, तुमचं वाचून थोडा वेळ गप्प बसून राहिले. मी गळ्याच्या मापाचं विचारायला आले होते.

रीळभर:
(बारा दिवसांनी)
सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. फ्रॉकला चीर दिली. पहिल्या वेळी टोकाला चुणी पडली, एक धागा अजून कापल्यावर सपाट झाली. फ्रॉक खुर्चीवर आहे. ती येता-जाता बदकाला हात लावते, मी काही बोलत नाही.

सदरा झाला. मलमल आधी धुतली, चौकोन २० चा १९.२ झाला. सगळ्या शिवणी फ्रेंच, फक्त मुंढ्याला जमली नाही, तिथे तिरकी पट्टी लावली. कापड तिने निवडलं, पिवळं, मी कधीच घेतलं नसतं. काल सकाळी मांडीवर घेऊन समोर पसरला. तिने उजवा हात बाहीत घातला, पंजा बाहेर आल्यावर बोटं हलवून बघितली आणि मग डावा हात स्वतःहून पुढे केला. रात्री झोपेपर्यंत अंगात होता.

आता एकच शंका, सुई_पंचाहत्तर दादांसाठी. टीशर्टच्या खांद्याला टिचबटणं लावायची आहेत. होजिअरीत ती उपटून येऊ नयेत म्हणून आतून सुती कापडाचा एक थर पुरेल का दोन घालू?

सुई_पंचाहत्तर:
एक थर, पण दोन्ही पट्ट्यांना, वरच्याही आणि खालच्याही. आणि तो उभ्या धाग्यावर कापा. लावून झाल्यावर चिंधीवर एक बटण दहा वेळा उघडझाप करून बघा, मगच टीशर्टला लावा.